मदत हवी आहे: आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए, दिल्ली की पुणे?

मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. बीए राज्यशास्त्र, मराठी माध्यम, शेवटचं वर्ष. तिला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीच्या जेएनयूला जायचंय. घरचे म्हणतात, पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र आहेच की! पण तिथे भर युद्ध-सुरक्षेवर, आणि हिला रस सिंधू पाणीवाटप करार, जागतिक व्यापार संघटना असल्या गोष्टींत.

खरी अडचण इंग्रजीची. वास्तववाद, उदारमतवाद हे या विषयातले सिद्धांत मराठीतून घडाघडा समजावते, पण तेच इंग्रजीत लिहायला बसली की दुसऱ्या ओळीला पेन अडतं. प्रवेश परीक्षा बहुपर्यायी, तिथे निभावेल. पण सत्रात लिहायच्या लांबलचक टर्म पेपरांचं काय?

मराठी माध्यमातून तिकडे गेलेलं कुणी आहे का? पहिलं सत्र कसं काढलंत? आणि यूपीएससी सोडून नोकऱ्या कुठे मिळतात, तेही खरंखरं सांगा. बाबांचा पहिला प्रश्न तोच आहे.