'ट्रॉमा'ला आघात म्हणावं का?

कोयनाकाठ: एका समुपदेशन केंद्राच्या पत्रकाचं भाषांतर करतेय. विषय 'चाइल्डहुड इमोशनल ट्रॉमा', त्यातही 'सटल'. मी लिहिलं 'बालपणीचे सूक्ष्म भावनिक आघात'. आईने वाचून विचारलं, "सूक्ष्म आघात म्हणजे काय, टाचणी टोचली?" खरंय, आघात म्हटलं की धाडकन काहीतरी व्हायला हवं. दुसरा शब्द सुचवा.

जुनापुराणा: हेळसांड. 'हेला' म्हणजे अनादर, 'सांडणे' म्हणजे टाकून देणे. नाहीतर आबाळ. घरचे शब्द असताना उसनवारी कशाला?

बोरकूट: आबाळ खाण्यापिण्याची होते हो. मला चौथीत मामाकडे ठेवलं होतं. दूधतूप, नवे कपडे, काही कमी नव्हतं. आई महिन्यातून एकदा यायची. तिची निघायची वेळ झाली की मला वाण्याकडे पावशेर साखरेला पिटाळायचे. पुडी घेऊन येईपर्यंत एसटी गेलेली असायची. रडारड नको म्हणून. कुणी कधी बोटही लावलं नाही. आज चाळिशीत, नवरा दाराशी चपला घालायला लागला की मी हातातलं टाकून बाहेर येते. ही हेळसांड?

रातराणी: याला मुका मार म्हणा. रक्त नाही, ओरखडा नाही, सगळं आत साकळलेलं. मी समुपदेशक आहे. येणारे बहुतेक "तसं काही झालं नाही हो" इथूनच सुरुवात करतात. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरच्या अमेरिकेतल्या गाजलेल्या अभ्यासाच्या १९९८ च्या लेखातही छळ होता. भावनिक दुर्लक्ष नंतरच्या फेरीत आलं.

हायवेवाला: मुक्का मार हो, मुका नाही. पेपरात रोज येतं. आणि आमच्याकडे ट्रॉमा म्हणजे ट्रॉमा सेंटर, अपघाताची केस.

जुनापुराणा: मुका! ज्याला वाचा नाही तो. बुक्क्याचा काय संबंध? पेपरवाल्यांचं मराठी प्रमाण मानायचं का आता?

हायवेवाला: अख्खा तालुका मुक्का म्हणतो. लागलेल्याला आधी ऱ्हस्वदीर्घ विचारणार का?

टवाळ: 'बालपणीचा मुका' छापा, पत्रकं हातोहात संपतील.

कोयनाकाठ: 😐 शब्द आवडला. पण पुढे 'हीलिंग' आहे. मुका मार 'भरून येतो' म्हणत नाहीत ना?

रातराणी: नाही, भरते ती जखम. मुक्या माराची सूज उतरते, ठणका जिरतो. आजी आंबेहळद उगाळून लावायची, पण आधी बोटाने दाबत दाबत "इथं? इथं?" विचारायची. दिसत नाही ना. आमचंही निम्मं काम तेच.

जुनापुराणा: ग्रीकमध्ये ट्रॉमा म्हणजे जखमच. आपल्याकडे 'व्रण'. त्याचाच मराठीत 'वण' झाला, म्हणजे जखमेची खूण. 'बालपणीचे वण' लिहा.

हायवेवाला: वण दिसतो की! इथे दिसत नाही हाच तर मुद्दा होता.

जुनापुराणा: असो. बोरकूटताई, तुमचं वय चाळीस, मग पावशेर कुठला? शेर केव्हाच गेले. पाव किलो हवं.

बोरकूट: वाणी पाव किलोच द्यायचा. मामी पावशेर म्हणायची.