हार्डटेलचं सामान काढून कार्बन फुल सस्पेन्शन फ्रेमवर चढवावं का?

घाटमाथा

‘फक्त फ्रेम घेतोय, बाकी सामान आहेच’ हे हल्ली मुंबईतल्या सायकलवाल्यांकडून फार ऐकू येतं. जुनी अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) सोलायची आणि सगळं सामान कार्बनच्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे) एक्ससी, म्हणजे क्रॉस-कंट्रीच्या फ्रेमवर चढवायचं. फ्रेम शॉकसकट (मागचे धक्के झेलणारा भाग) २ किलोच्या आसपास भरते, म्हणून माणूस हरखतो. माझं म्हणणं असं की मुंबईकराने फ्रेमचं वजन सगळ्यात शेवटी बघावं. आधी हे बघावं की तिचा एखादा भाग गेला तर तो इथे मिळेल, की परदेशातून यायची वाट बघत सायकल भिंतीला टांगून ठेवायची.

बऱ्याच जुन्या हार्डटेलचं मागचं चाक १३५ मिमीचं (ही हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची रुंदी), क्विक रिलीजवालं, म्हणजे बारीक दांडीचं असतं. नशीब बरं असेल तर १४२ चं थ्रू अ‍ॅक्सल, म्हणजे आरपार जाणाऱ्या जाड दांडीचं. नव्या फ्रेमला मात्र १४८, म्हणजे बूस्ट लागतं. १४२ चा हब दोन्हीकडे ३ मिमीचे स्पेसर घालून बसतो, पण मग ब्रेकची डिस्कही स्पेसर घालून तेवढीच बाहेर आणावी लागते. १३५ च्या हबला थ्रू अ‍ॅक्सलची टोकं मिळत नसतील तर ते चाक विसरा. नवीन चाक घेतलं की फ्रीहब (कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्या ज्यावर बसतात तो भाग) आलाच. शिमानोच्या १०-५१ कॅसेटला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब, स्रॅमच्या १० दातांवाल्या कॅसेटला एक्सडी. जुनी एचजी बॉडी ठेवायची तर सगळ्यात लहान चकती ११ दातांची. क्रँकला दोन-तीन चेनरिंग असतील तर अशा बहुतेक फ्रेमवर पुढच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जागाच नसते. जुना सीटपोस्ट २७.२ चा आणि फ्रेम ३०.९ किंवा ३१.६ ची, हेही नेहमीचंच. उरलं काय? खोगीर, हँडल, पेडल आणि ब्रेक. ‘बाकी सामान’ ते एवढंच.

म्हणून फ्रेम घेताना मी आट्यांचा बीबी (क्रँक ज्यावर फिरतो ती बेअरिंग; दाबून बसवायचा प्रेस-फिट नको) बघतो, यूडीएच हँगर (मागचा डिरेलर टांगायचा, ठरलेल्या एकाच मापाचा तुकडा) बघतो आणि शॉक बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचा आहे का ते बघतो. यातलं एक जरी नसेल तर ३०० ग्रॅम कमी भरणारी फ्रेमसुद्धा मला नको.

चेनलाइन५२

अर्धं पटलं. जुनं सामान चढत नाही, मान्य. पण त्यावरून वजन बिनमहत्त्वाचं हा निष्कर्ष कुठून काढलात? एक्ससी सायकल म्हणजे चढावर पळवायची सायकल. तिचं वजन शेवटी बघायचं असेल तर ट्रेलची जाड फ्रेम घ्या, स्वस्तही पडेल.

आणि प्रेस-फिट बीबीला एवढी नावं का ठेवता? पीएफ९२ या प्रेस-फिट मापात बेअरिंग फ्रेमच्या आतच बसतात, त्यामुळे खालचा भाग पूर्ण ९२ मिमी रुंद करता येतो. पिव्हट (फ्रेमचा मागचा भाग हलतो ते सांधे) आणि डाउन ट्यूबला तिथे भरपूर मांस मिळतं. स्कॉटची स्पार्क अशीच आहे आणि जगभर शर्यती जिंकते. करकर येते ती भोक मापात नसलं किंवा कोणी हातोडीने ठोकून बसवलं की. प्रेस वापरा, करकर येणार नाही. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ साली ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने माउंटन बाइकच्या शर्यतीत पंक्चर होऊनही सुवर्ण काढलं, ते काही सायकल दुरुस्तीला सोपी होती म्हणून नव्हे.

घाटमाथा

पिडकॉकला टेक झोनमध्ये (शर्यतीतली दुरुस्तीची ठरलेली जागा) संघाकडून चाक बदलून मिळालं. तुम्हाला आरेच्या वळणावर फार तर ट्यूबला ठिगळ लावणारा भेटेल.

बीबीबद्दल: सँटा क्रूझची ब्लर आणि स्पेशलाइज्डची एपिक आट्यांचा ७३ मिमी बीबी लावूनही हलक्याच भरतात. मग रुंदीचा एवढा बाऊ कशाला? भोक मापात आहे की नाही हे फ्रेम घरी आल्यावरच कळतं. आट्यांचा बीबी पावसाळा संपला की एका पान्ह्याने काढून, ग्रीस लावून परत बसवता येतो.

फाट्यावरून डावीकडे

तुम्ही दोघं भांडा, पण मुंबईत फुल सस्पेन्शन चालवायचं कुठे? राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता. येऊरचं जंगलही त्याच उद्यानाचा भाग, पायवाटांवर शिरलात तर वनखातं हटकणार. म्हणजे दर वेळी गाडीच्या मागे टांगून कर्जत नाहीतर लोणावळा. तेवढ्यासाठी दुचाकीच्या किमतीची फ्रेम? हार्डटेलला चांगला फोर्क आणि २.४ इंची टायर लावा, विषय संपला. खड्ड्यांसाठी हवी असेल तर गोष्ट वेगळी, मग बीएमसीकडे अनुदान मागा.

गोराई खाडी

हार्डटेलवाल्यांचा मुद्दा दर धाग्यावर येतो, त्याला वेगळा धागा काढा. इथे कोणी खाऱ्या हवेबद्दल बोलतच नाहीये आणि मुंबईत खरा शत्रू तोच.

कार्बनमधून वीज वाहते. त्याला अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं असेल आणि मध्ये खारी ओल शिरली तर अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं, पांढरी भुकटी दिसते. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट कार्बन फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हलवता ठेवला तर तो असा धरतो की काढताना फ्रेम चिरायची भीती. कार्बन पेस्ट लावा, दर एक-दोन महिन्यांनी उपसून पुसा आणि टॉर्क पान्ह्यानेच आवळा, फ्रेमवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नका. पिव्हटच्या बोल्टचंही तेच. समुद्राकडच्या ग्रिलमध्ये सायकल उभी ठेवणाऱ्यांनी तर हे पाठच करावं.

आता घाटमाथा यांच्या विरोधात थोडं. सुटे भाग मिळत नाहीत ही ओरड अर्धीच खरी आहे. पिव्हटची बेअरिंग बहुतेक वेळा नेहमीच्या औद्योगिक मापाची असतात, ६९०२, ६८०२ वगैरे. जुनं बेअरिंग घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा, दुकानदार सायकल कोणती हे विचारतही नाही. फक्त दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा.

माझा राग आहे तो हेडसेटमधून (हँडल फिरतं तिथली बेअरिंग) केबल आणि ब्रेकची नळी नेणाऱ्या फ्रेमवर. पावसाचं आणि घामाचं पाणी आधी वरच्या बेअरिंगमध्ये उतरतं. ते गंजलं की साधं बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडा, तेल भरा, हवा काढा. दिसायला सुंदर, पण इथल्या हवेत हा शुद्ध छळ आहे. बीबी प्रेसचा का आट्यांचा यापेक्षा मी हे आधी बघेन.

चेनलाइन५२

हेडसेटबद्दल शंभर टक्के. त्यावर भांडणार नाही.

पण यूडीएचचा आग्रह मला अजूनही जास्त वाटतो. स्रॅमने तो २०१९ ला आणला तेव्हा हेतू चांगला होता, पण आता त्याच्या आडून ट्रान्समिशन हा स्वतःचा गिअर संच विकतात. त्यात हँगरच नसतो, डिरेलर थेट फ्रेमवर बसतो. मी शिमानोवाला, मला त्याचा काय उपयोग?

घाटमाथा

उपयोग तुम्हालाच जास्त. यूडीएचला शिमानोचा डिरेलरही नेहमीसारखा लागतो. याआधी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असायचा. तो दगडावर आपटून वाकला की शंभर-दोनशे ग्रॅमची बढाई हँगर येईपर्यंत घरात बसून राहायची. आता एकच तुकडा कितीतरी कंपन्यांच्या फ्रेमला चालतो, एक पिशवीत टाकून ठेवा. ट्रान्समिशन घेतलंच पाहिजे अशी सक्ती कोणी केली?

नवखा एक्ससी

मध्येच विचारतो, माफ करा. ओळखीतून एक वापरलेली एपिक मिळतेय, ब्रेन शॉकवाली, भाव खूपच उतरवलाय. आकाराने बसते, फ्रेमवर ओरखडे सोडले तर काही दिसत नाही. माझं वजन ८८ किलो. घ्यावी का?

घाटमाथा

भाव का उतरवलाय ते तुम्हीच लिहिलंय. ब्रेन हा स्पेशलाइज्डचा स्वतःचा वाल्व्ह, खालून झटका आला तरच शॉक उघडतो. कल्पना भारी होती, पण २०२४ च्या एपिक ८ मधून त्यांनी स्वतःच तो काढला. शॉक खास त्याच फ्रेमसाठी बनवलेला असतो. बिघडला की तो उघडणारा माणूस शोधत फिरा, बदली साधा शॉक बसेलच याची खात्री नाही. ट्रेकच्या सुपरकॅलिबरचंही असंच, तिचा शॉक फ्रेमच्या दांड्यातच बसवलेला आहे. नवीन असताना ठीक, पण वापरलेली घ्यायला मी कोणाला सांगणार नाही.

चेनलाइन५२

‘अजिबात नको’ असं मी म्हणणार नाही. त्या पैशात तेवढी चांगली कार्बन फ्रेम दुसरी मिळत नाही. शॉकची सर्व्हिस अलीकडे झाली असेल आणि बिल दाखवत असतील तर विचार करा. फ्रेम मात्र उजेडात तपासा. चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणारा खालचा दांडा) चेन अडकून कोरलेली खाच आहे का, बीबीच्या खाली दगड लागलाय का. नाण्याने टकटक करून बघा, एखाद्या जागी आवाज बोदा आला तर सोडून द्या.

गोराई खाडी

आणि दुसरी एखादी फ्रेम बघत असाल तर शॉकवरचे आकडे वाचायला शिका. १९० × ४५ म्हणजे डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (टोकांची बोल्टची भोकं) १९० मिमी लांबी आणि ४५ मिमी स्ट्रोक, म्हणजे शॉक दबतो ते अंतर. ट्रनियन असेल तर १६५ × ४५, वरच्या टोकाला डोळा नसतो, दोन बाजूंनी बोल्ट जातात. या दोन्ही मापांचे शॉक रॉकशॉक्स, फॉक्स दोघांकडे आहेत. लांबी तीच ठेवून स्ट्रोक वाढवायचा शहाणपणा कोणी सुचवला तर ऐकू नका, शॉक पूर्ण दबल्यावर टायर सीट ट्यूबला घासू शकतो.

तुमचं वजन ८८ आहे म्हणून आणखी एक. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलतं ते अंतर) भागिले स्ट्रोक करा. १२० भागिले ४५ म्हणजे साधारण २.७. हा आकडा जितका मोठा तितकी शॉकमध्ये हवा जास्त भरावी लागते, आणि प्रत्येक शॉकला हवेची कमाल मर्यादा असते, ती त्याच्यावरच छापलेली असते.

नवखा एक्ससी

विकणाऱ्याला शॉकच्या सर्व्हिसचं बिल विचारलं. म्हणतो, ‘तीन वर्षांत गरजच पडली नाही.’

फाट्यावरून डावीकडे

हार्डटेल. पुन्हा सांगतो.