बाहेर मास्टर्स करायचंय, पण नंतर तिथे काम करता येईल असा कोर्स कसा ओळखायचा?

अर्धवट_इंजिनियर:
मेकॅनिकल करून काही वर्षं नोकरी झाली, आता डेटा किंवा सप्लाय चेनकडे वळायचंय म्हणून बाहेर शिकायला जायचं नक्की केलंय. कर्ज काढूनच जाणार, त्यामुळे डिग्री घेतली आणि बॅगा भरून परत आलो असं परवडणार नाही, निदान दोनेक वर्षं तिथे कमावून कर्ज हलकं झालं पाहिजे. कन्सल्टंट म्हणतोय कॅनडात एका कॉलेजचा एक वर्षाचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा घ्या, ॲडमिशन पटकन होते आणि तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं. युकेचं एक वर्षाचं मास्टर्स पण डोक्यात आहे. घरचे जर्मनी जर्मनी करतायत, फी नाही म्हणून. आधी देश ठरवायचा की कोर्स? आणि परमिट मिळणार हे नक्की कुठे लिहिलेलं असतं?

बर्फातला:
कन्सल्टंटला सांगा हेच लेखी दे, बघा काय म्हणतो ते. कॅनडात कोर्स आठ महिने ते दोन वर्षांच्या आतला असेल तर परमिट कोर्सच्या लांबीएवढंच मिळतं, म्हणजे एक वर्षाच्या डिप्लोमाला साधारण एकच वर्ष. तीन वर्षं मिळतात ती दोन वर्षांच्या किंवा मोठ्या कोर्सला. मास्टर्स डिग्री असेल तर मात्र ती छोटी असली तरी तीन मिळू शकतात, फेब्रुवारी २०२४ पासून तसा बदल झालाय. डिप्लोमा आणि मास्टर्स एकाच दमात सांगून लोकांना गुंडाळतात ते इथेच.

आणि १ नोव्हेंबर २०२४ नंतर ज्यांनी स्टडी परमिटसाठी अर्ज केलाय त्यांचा डिप्लोमा सरकारने ठरवलेल्या विषयांच्या यादीत असावाच लागतो. बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडीला ही अट नाही. नावात ॲनालिटिक्स आहे म्हणून कोर्स यादीत असेलच असं नाही, नाव मार्केटिंगवाले ठेवतात, तुम्ही त्याचा सहा आकडी सीआयपी कोड (विषयाचा वर्गीकरण क्रमांक) बघायचा. कॉलेज सरकारमान्य डीएलआय (परदेशी विद्यार्थी घ्यायला परवानगी असलेलं) आहे एवढ्यावरही जाऊ नका, डीएलआय असलेल्या प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक कोर्सला नंतरचं वर्क परमिट मिळत नाही. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खाजगी कॉलेजच्या इमारतीत शिकवतात ना, त्यात १५ मे २०२४ नंतर सुरू करणाऱ्यांना ते मिळतच नाही, म्हणून कॅम्पसचा पत्तासुद्धा विचारून घ्या. हे वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. छोट्या डिप्लोमावर वापरून टाकलंत तर पुढे मास्टर्स केलं तरी दुसरं नाही.

निळीशाई:
युकेचं सांगते. ग्रॅज्युएट रूट या शिक्षणानंतरच्या व्हिसावर मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळायची, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच (पीएचडीला तीन वर्षं आहेत तशीच). तुम्ही ॲडमिशन कधी घेतली याला अर्थ नाही, त्या व्हिसाचा अर्ज कधी करता ते धरतात. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात एक वर्षाचं मास्टर्स सुरू केलेला माणूस १८ महिन्यांतच बसतो. त्या काळात स्पॉन्सर लागत नाही, पण तो संपला की कंपनीने स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसासाठी स्पॉन्सर करायला हवं, आणि त्याला पगाराची खालची मर्यादा आहे. नवख्यांना थोडी सवलत असते तरी छोट्या कंपन्या या भानगडीत पडत नाहीत.

जर्मनीत पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि तोवर कुठलंही काम करता येतं. पण "फी नाही" हे अर्धं खरं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत आणि म्युनिकचं टीयूएम पण आता फी घेतं. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच दाखवावे लागतात. मेकॅनिकलवाल्याला माझं मत जर्मनीच, पण इंग्रजीतून मास्टर्स केलं म्हणजे नोकरीही इंग्रजीत मिळेल असं धरून चालू नका. तिथल्या मधल्या आकाराच्या कंपन्यांत मीटिंगपासून मशीनच्या कागदापर्यंत सगळं जर्मनमध्ये चालतं. बी१ (जर्मनची मधली पातळी) तरी हवंच, त्याची सुरुवात जायच्या आधीच करा.

तिसरी_घंटा:
अमेरिका कोणीच काढली नाही म्हणून. तिथे ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) १२ महिने, आणि कोर्स स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) यादीत असला तर वर २४. एकाच युनिव्हर्सिटीत दोन सारखेच दिसणारे कोर्स असतात, एकाला स्टेम कोड, दुसऱ्याला नाही, फी तीच. युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते त्या आय-२० फॉर्मवर कोड छापलेला असतो, तो बघा. फुल टाइम सीपीटी (शिकत असतानाच कोर्सचा भाग म्हणून केलेलं काम) १२ महिने झाली की त्या डिग्रीवरची ओपीटी गेली, हे सीनियर्सही कधी कधी सांगत नाहीत. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि त्यापुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी आहेच, त्यामुळे कर्जवाल्यांनी तीन वर्षांतच हिशोब बसतोय का ते बघावं, लॉटरी धरून नाही.

देश आधी की कोर्स म्हणाल तर आधी नोकरी. जिथे जायचंय तिथल्या जॉब साइटवर सप्लाय चेन ॲनालिस्टच्या जाहिराती उघडा, काय मागतायत, कुठली भाषा, नवख्यांना घेतात का, एक संध्याकाळ त्यात घालवा. कोर्स त्यावरून निवडा.

अर्धवट_इंजिनियर:
बापरे. कन्सल्टंटला सीआयपी कोड विचारला तर म्हणे एवढं डिटेलमध्ये जायची गरज नसते. एक शंका, कोर्स चालू असताना नियम बदलला तर?

बर्फातला:
गरज नसते म्हणजे त्याला माहीत नाही 😄 नियमाचं देशागणिक वेगळं आहे. युकेचं वर आलंच. कॅनडाने विषयांची यादी आणली तेव्हा ज्यांनी आधीच स्टडी परमिटला अर्ज केला होता त्यांना त्यातून सोडलं, पण भाषेच्या परीक्षेची अट त्यांनाही लावली. कन्सल्टंटला मध्ये न घेता कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला थेट मेल टाका: या कोर्सचा सीआयपी कोड काय, कुठल्या कॅम्पसवर शिकवणार, किती भाग ऑनलाइन, आणि पीजीडब्ल्यूपी (शिक्षणानंतरचं ते वर्क परमिट) मिळतो का. उत्तर आलं की ते इमिग्रेशनच्या साइटशी ताडून बघा.

अर्धवट_इंजिनियर:
मेल टाकलाय. डिप्लोमा बहुतेक बाद, जर्मन ए१ चा क्लास बघतोय. आयईएलटीएस ॲकॅडमिक दिलेली आहे, कॅनडाचं ठरलंच तर तीच चालेल ना?

बर्फातला:
ॲडमिशनला चालेल. वर्क परमिटला आयईएलटीएसचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार लागतो, ॲकॅडमिक धरत नाहीत. पण ती परीक्षा आत्ता देऊ नका, निकाल दोनच वर्षं चालतो, कोर्स संपत आला की द्या.