मदत हवी आहे : सरांना अटक झाली, मुलीशी काय बोलू? (इंदूर)
नमस्कार मंडळी. आम्ही रामबागेत राहतो, लेक सातवीत आहे. तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाला पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) अटक झाली. तिला स्वतःला काही त्रास नव्हता म्हणते, पण सर तिचे लाडके. ‘ते असं करणारच नाहीत’ म्हणून रडते. काय उत्तर देऊ?

पालकांच्या ग्रुपवर ‘ती पीडित मुलगी कोणाची?’ एवढाच शोध चालू आहे. ओळख पसरवणं गुन्हा आहे म्हटलं, तर मीच शाळेची बाजू घेणारी ठरले!

१०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन माहीत आहे. मुलांशी मराठीत बोलणारी समुपदेशक इथे कोणी सुचवाल का? हिंदीही चालेल. आणि पीडित मुलाचा जबाब पोलीस घरी, साध्या कपड्यांत घेतात; वर्गातल्या इतर मुलांच्या बाबतीतही तसंच असतं का?