कुऱ्हाडीचा दांडा कोणत्या दिवसांत बसवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमची थोडी शेती आहे. बांधावर पडलेल्या बाभळींचे सरपण फोडण्यासाठी आमच्याकडे एक कुऱ्हाड आहे आणि तिची अडचण अशी, की पावसाळाभर दांडा घट्ट राहतो, परंतु शिमग्याच्या सुमारास पाते हलू लागते आणि वैशाखात तर ती उगारायचीही भीती वाटते.

प्रश्न विचारण्यापूर्वी, मला जे थोडेफार समजले आहे ते कोणामुळे, हे नोंदवणे आवश्यक वाटते. आमच्या गावचे लोहारमामा दांडा बसवून देण्याचे पैसे घेतात. त्यावरच त्यांचे पोट आहे, आणि तरीही भात्याजवळ उभे राहून विचारणाऱ्या कोणालाही ते सारे काम उलगडून सांगतात. दांड्यासाठी धामण मिळाली तर उत्तम, कारण ती चिवट असून घाव बसताना किंचित लवते; न मिळाल्यास बाभूळ चालते. लाकूड करवतीने चिरण्यापेक्षा फोडून घ्यावे, म्हणजे त्याच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. रेषा मध्येच तिरकी बाहेर पडली असेल, तर दांडा आज ना उद्या नेमका तिथेच मोडतो. धार लावायची ती आधी कानशीने आणि मग दगडावर. विजेच्या चाकावर घाई केली, की कड निळी पडते आणि पात्याचे पाणी उतरते. ओंडका फोडताना त्याला आधीच पडलेली भेग शोधावी आणि गाठ टाळून कडेने फोडत यावे. ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवावा, म्हणजे घाव चुकला तरी पाते ठोकळ्यात रुतते, पायावर येत नाही. ज्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत, त्याने निदान या एका सल्ल्याचे उपकार विसरू नयेत.

हातचे काही राखून न ठेवता शिकवणारी अशी माणसे इतरत्रही आहेत. अमेरिकेच्या वन सेवेने १९९९ मध्ये काढलेली कुऱ्हाडीच्या निगेची पुस्तिका कोणालाही विनामूल्य वाचता येते. स्वीडनमधील ग्रान्सफोर्स येथील कारखान्यात तर पाते घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरे त्या पात्यावरच उमटवली जातात. आमच्या मामांनी घडवलेल्या पात्यावर त्यांची कोणतीही खूण नसते, याची मला खंत वाटते.

आता मूळ प्रश्न. पाते हलू लागले, की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवावी, लाकूड फुगून ती घट्ट होते, असे मामा सांगतात. परदेशी कारागीर याला ठाम विरोध करतात आणि जवसाचे तेल सुचवतात. मामांचा सल्ला चुकीचा आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही; ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सरपण फोडायला जायचे आहे, त्याच्या दृष्टीने तो सल्ला अगदी व्यवहार्य आहे. तरीही, आपल्याकडचा मुसळधार पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा उन्हाळा लक्षात घेता, नवीन दांडा वर्षाच्या कोणत्या काळात बसवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मामांच्या संमतीने त्यांच्या कामाचे चित्रीकरण करून ते सर्वांसाठी खुले करावे, असाही विचार आहे. त्याबाबत काय काळजी घ्यावी, हेही सुचवावे.

प्रतिसाद:

आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की दांडा चैत्र-वैशाखात, लाकूड सर्वांत कोरडे असताना बसवावा. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, जाडीत मात्र आकसते. श्रावणात बसवलेला दांडा दमट असतो. तो त्या वेळी घट्ट वाटला, तरी पुढे वाळल्यावर सैल होणारच. याउलट वैशाखात घट्ट बसवलेला दांडा पावसाळ्यात आणखी आवळला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात साधारण पूर्वीच्या मापावर येतो.

पाण्यात ठेवल्यावर लाकूड फुगते, पण सभोवतालचे लोखंड जागा देत नाही. त्यामुळे आतले तंतू चेपले जातात आणि वाळल्यानंतर दांडा पूर्वीपेक्षाही बारीक होतो. म्हणून मामांचा उपाय त्या दिवसापुरता खरा आहे. तो दरवर्षी करत राहिल्यास दांडा लवकर बदलावा लागेल, एवढेच.

लाकूड आतापासूनच फोडून सावलीत ठेवावे आणि टोके तडकू नयेत म्हणून त्यांना मेण लावावे. अधूनमधून वजन करावे; ते उतरायचे थांबले, की लाकूड वाळले असे समजावे. पाचरही तितक्याच कोरड्या, टणक लाकडाची असावी. भोकातून वर आलेल्या टोकातून पाणी सर्वाधिक शोषले जाते, त्यामुळे जवसाचे तेल तिथे जिरेल तितके जिरवावे. तेल लाकडातला ओलावा ये-जा करण्याचा वेग कमी करते, तो पूर्णपणे थांबवत नाही.

चित्रीकरण खुले करण्यापूर्वी ते मामांना संपूर्ण दाखवावे आणि आपले नाव व गाव त्यात यावे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. चित्रीकरणात जितका दिवस जाईल, तितक्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी. ते नको म्हणतील, तरी द्यावी. पाते घडवताना त्यावर त्यांची खूण उठवण्याची विनंतीही तेव्हाच करता येईल. त्यासाठी छोटा ठसा उद्यमनगरात करून मिळू शकेल.

एक सूचना राहिली. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.