मदत हवी आहे: सातवीच्या मुलांसोबत स्टॉप मोशन

नमस्कार मंडळी. आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत काढलेल्या फोटोंतून हलतं चित्र करणं, शिकवतेय. बी रुजून रोप कसं होतं, ते मुलांनी शाडूच्या मातीत घडवलंय, इतकं सुरेख! सेकंदाला 12 फोटो, म्हणजे 10 सेकंदांना 120. मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवतो, तरी बटण दाबताना हलतोच. त्याहून मोठी अडचण उजेडाची. ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात फोकस-एक्स्पोजर (चित्राची स्पष्टता आणि उजेडाचं प्रमाण) लॉक केल्यावर थोडाच फरक पडला. खिडक्या झाकून ट्यूबलाइटवर काढावं का, की ट्यूबमुळेही लुकलुकेल? तोवर शाडूला तडे जातात, ते वेगळंच. 34 मुलं आणि फोन दोनच, तर गट कसे पाडता? इंटरनेटशिवाय चालणारं मोफत अ‍ॅप वर्गात कोणी वापरलंय का?