प्रतिसाद: पोस्टग्रेस १३ वरून १७ वर जावं का?
पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दलच्या या प्रश्नावर ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ असं मत वर आलंय, पण ते १३ या आवृत्तीला लागू नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्याचे सुरक्षा पॅच बंद झालेत. जा १७ वर. मात्र तुमच्या महाप्याच्या (नवी मुंबई) जुन्या उबंटू १८.०४ (लिनक्स) मशीनवरून डेटा फोल्डर तसाच उचलून नव्यावर टाकू नका. जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, मजकूर कोणत्या क्रमाने लावायचा हे तीच ठरवते) २.२८ पासून अक्षरांचा क्रम बदललाय, नव्या मशीनवर मजकुरावरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूच्या) गुपचूप बिघडतात: ‘देशपांडे’ टेबलात असतात, शोधले तर सापडत नाहीत. डंप-रिस्टोअर करा (डेटा फाइलमध्ये काढून नव्यात पुन्हा भरा), नाहीतर रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधा).

पीजी-अपग्रेड (पोस्टग्रेसचं आवृत्ती बदलायचं टूल) वापरणार असाल तर आधी ‘चेक’ लावून चालवा, म्हणजे नुसती तपासणी होते. ‘लिंक’ मोडमध्ये (फाइल्स कॉपी न करता जुन्याच वापरल्या जातात) नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्याकडे परतीची वाट बंद. डिस्कवर जागा असेल तर कॉपीच बरी. १७ मध्ये पीजी-अपग्रेडने स्टॅटिस्टिक्स (क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला लागणारी डेटाची आकडेवारी) सोबत येत नाहीत, ती नव्याने गोळा करायला लगेच अनॅलाइझ चालवा. नाहीतर सकाळी ‘अपग्रेडने स्लो झालं’ म्हणून फोन ठरलेले.